बोटभर

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या खोलीत
हानुसने अकरा टन कॉड
एका टिचकीत नाहीसा केला.

"पाठवा" आणि "रद्द करा"
ही दोन बटणं मीच उभी केली होती
खांद्याला खांदा लावून, मधे आठ पिक्सेल.
आठ, कारण तसंच शिकवलेलं:
सगळं आठाच्या पाढ्यात बसवा,
आठ, सोळा, चोवीस, डोळ्याला बरं वाटतं.

डोळ्याला.
बोटाचं कुणी काही बोललं नव्हतं.

बोटीवरची माणसं दोन तास
बर्फात मासा धरून ताटकळली,
आणि मी टोर्सहाव्हनहून बस पकडली,
समुद्राखालच्या बोगद्यातून गेले बघायला.

बघितलं ते असं:
ओला हातमोजा तो दातांनी ओढून काढतो.
तर्जनी गोठलेली. तिच्या शेजारचं बोट
अर्धंच, उरलेलं दोर गुंडाळायच्या यंत्रानं नेलं.
माऊसवर हात ठेवतो तो
बंद दारावर थाप मारावी तसा.

मी आधी रंग बदलले.
मग अक्षरं मोठी केली, तर "एकूण वजन"चं
"एकूण व" एवढंच उरलं.
बोटीचं नाव, माशाची जात, पेट्या, बर्फ वजा,
सगळे रकाने एकमेकांच्या उरावर.
चौकटीत चौकट, तिच्या पोटात आणखी एक,
नेमका कुठल्या चौकटीनं समास सोडला नाही
ते शोधता शोधता चार वाजले, अंधार पडला.

"चल," हानुस म्हणाला, "मेंढी दाखवतो."

घरामागे त्याची खोपी, उभ्या फळ्यांची,
फळीफळीत फट, आत टांगलेलं मांस
नुसत्या वाऱ्यावर सुकणारं. ना मीठ, ना धूर.
वास असा की मी दारातच थांबले.
"ही फट कुणी मोजली?"
"मोजायची कशाला?"
त्यानं ते अर्धं बोट फळ्यांमधे घातलं, ते अडकलं नाही.
मग कोपऱ्यातली एक नवी फळी दाखवली:
"ही गेल्या साली बसवली, जरा दाट बसली.
त्या बाजूचे दोन पाय सडले.
आणि सैल ठेवली असती तर पाऊस आत."
एवढं बोलून त्यानं मला एक तुकडा कापून दिला.
तो मी कसा गिळला ते सांगत नाही.

रात्री खिडकी परत उघडली.
"रद्द करा" डाव्या कडेला नेलं,
"पाठवा" उजव्या कडेला,
आणि मधे एक रिकामा घटक ठेवला:
त्याला ना चित्र, ना शब्द, ना किनार.
खिडकी ओढून रुंद केली
की बाकीचे सगळे आपापल्या जागी उभे,
ताणतो तो एकटाच.
किमान रुंदी किती, असं संगणकानं विचारलं.
मी पट्टी काढली, पडद्याला लावली,
माझ्या तर्जनीशेजारी. मग आठवलं,
बोट माझं नाही मोजायचं.
दुप्पट केली.

कार्यालयात रायमर म्हणाला,
"इथे एवढी जागा वाया का घालवलीस?
बंदराचं बोधचिन्ह बसेल छान."
मी नाही म्हटलं.
दुसऱ्या दिवशी तो जाहिरात घेऊन आला, दोऱ्या-जाळ्यांच्या दुकानाची.
मी नाही म्हटलं.
तिसऱ्यांदा बोधचिन्ह घेतलं पदरात,
वर, कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढं,
आणि तो खूश झाला, मी नाही.

फेब्रुवारीत हानुसचा फोन.
"नवीन माऊस पाठवलात ना?
चांगला आहे. जुना फार चुकायचा."

मी हो म्हटलं.

मागे काटा वाजला, कुणीतरी हाक मारली,
आणि फोन तसाच टेबलावर ठेवून
तो पेट्या मोजायला गेला.
मी बराच वेळ कानाला लावून होते.
समुद्रपक्षी, पाणी, लोखंडावर लोखंड,
मधे मधे काहीच नाही.